पालमपूरला बिऱ्हाड हलवताना

घरून काम करता येऊ लागल्यापासून पुण्या-मुंबईच्या जोडप्यांना हिमाचलातलं पालमपूर खुणावतं. समोर धौलाधार, भोवती चहाचे मळे; तिथंच जागा घ्यावीशी वाटणारच.

पण घाई नको. १९७२च्या कूळ व जमीन सुधारणा कायद्याच्या कलम ११८नुसार, हिमाचलात शेतकरी नसलेल्यांना सरकारी परवानगीविना जमीन घेता येत नाही. आधी भाड्यानं राहून एक पावसाळा काढावा, हेच शहाणपणाचं. कपाटातल्या चामडी पट्ट्यावर बुरशी चढली, की घराची ओल कळते.

भाडेकरार दोघांच्या नावे हवा, नाहीतर एकाला पत्त्याचा पुरावाच उरत नाही. मतदारयादीसाठी अर्ज क्रमांक ८, प्रत्येकाचा वेगळा. महाराष्ट्राची गाडी बारा महिन्यांहून जास्त तिथं राहणार असेल, तर नवी नोंदणी लागते. त्यासाठी आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र निघण्यापूर्वीच घ्यावं.