बटण दाबलं, तरी कॉम्प्युटर उठेना

गोंदिया जिल्ह्यात धान खरेदीचा हंगाम लागला की कॉम्प्युटरची किंमत कळते. आधारभूत दराने धान विकायचं तर आधी ऑनलाइन नोंदणी हवी, नोंदणीला सातबारा, आधार आणि बँकेचं खातं हवं. गावातल्या सेवा केंद्रात किंवा सोसायटीत एका टेबलावरून हे सगळं होतं. अशा सकाळी बटण दाबूनही पंखा फिरला नाही, दिवा लागला नाही, की रांगेतल्या शेतकऱ्यांचा दिवस बुडतो. मग कॉम्प्युटरचा डबा मोटारसायकलवर बांधून तालुक्याला न्यायचा. देवरी, सालेकसाच्या आतल्या गावांतून ही फेरी सोपी नाही आणि पुष्कळदा ती टाळता येते.

आधी एक गोष्ट नीट पाहावी. पंखा फिरतोय, दिवा लागलाय, पण पडदा काळा आहे, तर ते दुखणं वेगळं. तिथे मॉनिटरची केबल किंवा रॅम तपासायची. इथे प्रश्न आहे तो अजिबात हालचाल न करणाऱ्या मशीनचा, आणि त्याचा शोध विजेच्या वाटेनेच घ्यावा लागतो: भिंतीतल्या बोर्डापासून बटणापर्यंत.

पहिला संशयित यूपीएस. घरगुती यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते आणि दोन-तीन वर्षांत ती थकते. यूपीएस बाजूला काढून केबल सरळ भिंतीच्या सॉकेटला लावली की निम्मा उलगडा होतो. केबल बदलून पाहावी, मागच्या बाजूला ती घट्ट बसली आहे का ते पाहावं, आणि तिथलंच छोटं बटण बंद तर नाही ना, तेही. डब्यातल्या भागांना वीज पुरवतो तो एसएमपीएस. जुन्या एसएमपीएसवर ११५ आणि २३० असं लिहिलेली लाल पट्टी असते. आपल्याकडे ती २३० वरच हवी. चुकून ११५ वर सरकली आणि वीज दिली, तर एसएमपीएस जळतो.

सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून ‘लाइट तर आहे’ असं ठरवणं मात्र फसवं ठरू शकतं. बहुतेक चार्जर १०० व्होल्टवरही चालतात. स्वस्तातला एसएमपीएस तेवढ्यावर उठत नाही. उन्हाळी धानाच्या दिवसांत मोटारपंप एकदम सुरू झाले की गावाच्या टोकाकडच्या घरांत व्होल्टेज पडतं. तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे, तरी घरात किती व्होल्टेज पोचेल हे डीपीवरचा, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरवरचा भार आणि तारांची लांबी ठरवते. सकाळी न उठणारं मशीन रात्री निमूटपणे सुरू होत असेल, तर दोष डब्यात शोधण्याआधी व्होल्टेज मोजून घ्यावं.

आता बटणाकडे. १९९५ साली इंटेलने एटीएक्स नावाची रचना आणली आणि बटणाचं कामच बदललं. त्याआधी ते बटण थेट वीज जोडायचं आणि तोडायचं. आता ते दाराच्या बेलसारखं आहे: दाबलं की मदरबोर्डला निरोप जातो आणि मदरबोर्ड एसएमपीएसला जागं करतो. त्यासाठी मशीन बंद असतानाही एसएमपीएस ५ व्होल्टचा बारीक पुरवठा चालू ठेवतो. म्हणूनच केबल लावल्यावर काही मदरबोर्डांवर छोटा दिवा दिसतो. तो पेटलेला असेल आणि मशीन उठत नसेल, तर बटण किंवा त्याची बारीक वायर खराब असू शकते. दिवा असलेल्या बोर्डावर तोच पेटत नसेल, तर संशय एसएमपीएसवर.

एक साधा उपाय आधी करून पाहण्यासारखा आहे. केबल काढावी, पेनड्राइव्ह, प्रिंटर, कीबोर्ड सगळं सोडवावं, बटण अर्धा मिनिट दाबून धरावं आणि मग फक्त केबल लावून सुरू करावं. एसएमपीएसला कुठे शॉर्ट जाणवला तर तो स्वतःला बंद करून घेतो. शॉर्ट एखाद्या खराब पेनड्राइव्हमध्ये असेल, तर तो काढल्यावर मशीन उठतं.

केबल काढून डब्याचं झाकण उघडायला हरकत नाही. धूळ ब्रशने झाडावी. राइस मिलच्या आसपास कोंड्याची बारीक धूळ आत जाते, पावसाळ्यात ती ओल धरते. मदरबोर्डवरचे कपॅसिटर डोक्यावर फुगलेले दिसले, तर बोर्ड दुरुस्तीलाच न्यावा. एसएमपीएसचा डबा मात्र घरी कधीही उघडू नये. आतल्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट साठलेले असतात आणि केबल काढल्यावरही ते काही काळ टिकू शकतात. हा धोका जिवाचा आहे.

दुसरा धोका आभाळातून येतो. पूर्व विदर्भात मान्सूनपूर्व वादळांत विजा कोसळतात आणि त्यांचा झटका विजेच्या तारेतूनच नव्हे, टेलिफोन आणि इंटरनेटच्या तांब्याच्या तारेतूनही आत शिरतो. नुसतं बटण बंद करून भागत नाही. गडगडाट जवळ येण्याआधी दोन्ही तारा काढून ठेवायच्या. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ अॅप २० ते ४० किलोमीटरच्या परिसरातल्या विजांचा इशारा देतं. प्रत्येक सेवा केंद्रात ते असायला हवं. अर्थिंगही तितकंच गरजेचं. जुन्या घरांत सॉकेटचं तिसरं भोक नुसतंच भोक असतं. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येत असतील, तर वायरमनला बोलवायला उशीर करू नये.

इतकं करूनही मशीन उठलं नाही, तर दुकान गाठावंच लागेल. पण एसएमपीएस गेला म्हणजे कॉम्प्युटरमधली कागदपत्रं गेली असं नव्हे. बहुतेक वेळा हार्ड डिस्क शाबूत असते. ती काढून दुसऱ्या मशीनला जोडता येते. एसएमपीएस बदलण्यासाठी फॉरमॅट मारण्याची काहीही गरज नसते, हे दुकानात डबा ठेवतानाच स्पष्ट सांगावं.