डायनोफ्लॅजेलेट : दगडात उरलेले घर आणि त्याचे दार



पाचवी-सहावीच्या वर्गात "जीवाश्म म्हणजे काय?" असे विचारून बघा. बहुतेक मुले डायनासोरचे हाड सांगतात. एखादा शंख म्हणतो. जीवाश्म म्हणजे मोठे काहीतरी, आणि ते त्या प्राण्याच्या शरीराचाच भाग, हे दोन समज मुलांच्या डोक्यात घट्ट बसलेले असतात, आणि खरं सांगायचं तर आपल्याही. आज ज्या जीवाश्माची ओळख करून घ्यायची आहे, त्याने हे दोन्ही समज मोडतात. त्याचे नाव डायनोफ्लॅजेलेट सिस्ट.

आधी नावाचा घोळ मिटवू, कारण मुले लगेच विचारतात, "बाई, हे डायनासोरचं पिल्लू का?" नाही. दोन्हींतला 'डायनो' ग्रीकमधून आला, पण मूळ वेगळे. डायनासोरमधला 'डायनो' म्हणजे भयंकर. डायनोफ्लॅजेलेटमधला 'डायनो' म्हणजे गरगर फिरणे, आणि 'फ्लॅजेला' म्हणजे चाबकासारखे शेपूट, ज्याला आपण पुस्तकात कशाभिका म्हणतो. थोडक्यात, गरगर फिरत पोहणारा एकपेशीय जीव. हिवाळ्यात कधी कधी रात्री कोकण किनाऱ्यावर निळ्या चमकणाऱ्या लाटांचे व्हिडिओ मोबाईलवर फिरतात ना, त्या चमकण्यामागे बहुतेक वेळा नॉक्टिल्युका असतो. तोही याच खानदानातला. मात्र त्याला चिलखत नसते, म्हणून आजच्या गोष्टीत तो इथेच थांबतो.

आपल्या गोष्टीतल्या जीवाला चिलखत असते. डोळ्यांसमोर एक मोसंबी आणा. तिच्या मधोमध, कमरेला करदोटा बांधावा तशी आडवी खाच. एक कशाभिका या खाचेत गुंडाळलेली असते, ती हलली की जीव स्वतःभोवती फिरतो. करदोट्यापासून खाली पोटाच्या बाजूला दुसरी, उभी खाच. तिच्यातून दुसरी कशाभिका मागे लोंबते आणि जीवाला पुढे ढकलते. बाकीच्या अंगावर सेल्युलोजच्या छोट्या छोट्या पाट्या, फरशी बसवल्यासारख्या. सेल्युलोज म्हणजे कापसात असते तेच.

या पाट्या वाटेल तशा नसतात, त्यांच्या रांगा ठरलेल्या असतात. टोकाशी एक रांग, करदोट्याच्या वर एक, करदोट्यातली एक, खाली एक आणि अगदी बुडाशी शेवटची. काही प्रकारांत टोकाची रांग आणि करदोट्यावरची रांग यांच्या मध्ये दोन-तीन जादा पाट्या बसवलेल्या असतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील चार्ल्स कोफॉइड यांनी प्रत्येक पाटीला रांगेप्रमाणे खूण आणि क्रमांक द्यायची पद्धत घातली. वर्गात बाक-रांग-हजेरी क्रमांक असतो तसेच समजा. ही पद्धत आजही चालते.

आता खरी गंमत. हे सेल्युलोजचे चिलखत जीव मेल्यावर कुजून जाते, दगडापर्यंत पोहोचत नाही. मग जीवाश्म कशाचा होतो? तर सिस्टचा, म्हणजे पुटीचा. काही प्रकारच्या जीवांत, बहुधा दोन पेशी एकत्र आल्यानंतर, चिलखताच्या आत दुसरे एक भक्कम कवच तयार होते. आत पेशी झोपून राहते. कवच समुद्रतळाच्या गाळात जाऊन बसते, ज्वारीचा दाणा मातीत पावसाची वाट बघत पडतो तसे. परिस्थिती जमली की पेशी कवचाला दार पाडून बाहेर निघून जाते. मागे उरते ते रिकामे घर. या घराच्या भिंती डायनोस्पोरिन नावाच्या इतक्या चिवट सेंद्रिय पदार्थाच्या असतात, की ॲसिडनेही त्या विरघळत नाहीत. म्हणजे जीवाश्म सापडतो तो जीवाचा नव्हे, तर त्याने सोडलेल्या घराचा.

आकार किती? साधारण 20 ते 150 मायक्रॉन. 1 मिलिमीटर म्हणजे 1000 मायक्रॉन, म्हणजे 50 मायक्रॉनच्या 20 सिस्ट पट्टीवरच्या एका मिलिमीटरमध्ये ओळीने मावतील. हे गणित मुलांकडून करून घ्याच.

घर पाहून मालक ओळखायचा कसा, हे समजायला शास्त्रज्ञांना सव्वाशे वर्षे लागली. 1830च्या दशकात बर्लिनच्या एरेनबर्ग यांनी गारगोटीसारख्या फ्लिंट दगडाच्या पातळ चकत्यांत काटेरी गोळे पाहिले आणि ते गोड्या पाण्यातल्या एका शैवालाचे असावेत असे मानले. इंग्लंडच्या गिडिअन मँटेल यांनीही ते पाहिले. 1825 मध्ये इग्वानोडॉन या डायनासोरला नाव देणारे मँटेल ते हेच! 1850 मध्ये त्यांनी या काटेरी गोळ्यांना स्पिनिफेराइट्स हे नाव दिले. ते नाव आजही वापरात आहे. पुढे 1933 मध्ये त्यांच्यासाठी आणखी एक नाव निघाले, त्याचा अर्थ होतो साळिंदर-गोळे. नावे वाढली, पण हे आहे कोण ते कळेना, कारण काट्यांच्या गोळ्यावर ना करदोटा दिसत होता ना पाट्या.

1961 मध्ये अमेरिकेचे विल्यम एव्हिट यांनी काट्यांच्या जागा नीट मोजल्या. काटे अंगावर कसेही उगवलेले नव्हते. काही प्रकारांत प्रत्येक पाटीसमोर एक काटा होता, तर काहींत जिथे तीन पाट्यांचे कोपरे भेटतात तिथे काटा होता. सिस्ट चिलखताच्या आत तयार होते आणि तिचे काटे चिलखतापर्यंत टेकतात, म्हणून चिलखत गेले तरी त्याचा नकाशा काट्यांच्या टोकांवर राहतो. मांडव काढला तरी खांबांच्या खड्ड्यांवरून मांडव केवढा होता ते कळते, तसे. शिवाय प्रत्येक गोळ्याला एक भोक होते आणि त्याची कड फुटल्यासारखी वेडीवाकडी नव्हती. ती बरोबर एका किंवा काही पाट्यांच्या मापाची होती. तेच पेशीचे बाहेर पडायचे दार. त्याला आर्किओपाइल म्हणतात, अर्थ अगदी सरळ : जुने दार. नंतर काही वर्षांतच वॉल आणि डेल या संशोधकांनी समुद्राच्या गाळातल्या जिवंत काटेरी सिस्ट प्रयोगशाळेत ठेवल्या आणि त्यांतून डायनोफ्लॅजेलेट पोहत बाहेर आले. मग शंकेला जागाच उरली नाही.

वर्गीकरणही मुख्यतः याच दोन गोष्टींवर उभे आहे, पाट्यांचा नकाशा आणि दार. गोनिऑलॅकेल्स या गणात बुडाशी मुख्य पाटी एकच, आणि दार पुष्कळदा करदोट्यावरच्या रांगेतली तिसरी पाटी निघून पडते. पेरिडिनिएल्स या गणात बुडाशी सारख्या दोन पाट्या, आकार बऱ्याचदा पंचकोनी, वर एक आणि खाली दोन शिंगे, आणि दार त्या मधल्या जादा पाट्यांपैकी सहसा दुसरीचे. काटे लांब की आखूड, भिंत एकेरी की दुहेरी आणि मध्ये पोकळी आहे का, हे त्यानंतर बघायचे. काट्यांना भुलून गट पाडू नका, ती सजावट झाली.

एक अडचण राहतेच. पोहणाऱ्या जीवाला जीवशास्त्रज्ञांनी एक नाव दिले आणि त्याच्या सिस्टला भूशास्त्रज्ञांनी दुसरे. मँटेल यांच्या स्पिनिफेराइट्समधून बाहेर पडतो तो गोनिऑलॅक्स! दाखल्यावर एक नाव आणि घरी हाक मारायचे दुसरे. 1993 मध्ये फेन्सम आणि सहकाऱ्यांनी जिवंत व जीवाश्म दोघांना एकाच वर्गीकरणात बसवले, तरी दुहेरी नावे चालूच आहेत. आणि ज्या गोळ्यांवर पाट्याही ओळखू येत नाहीत आणि तसे दारही नाही, त्यांच्यासाठी एव्हिट यांनीच 1963 मध्ये 'ॲक्रिटार्क' असा वेगळा कप्पा केला, म्हणजे मूळ अनिश्चित. "माहीत नाही" हेही वर्गीकरणात रीतसर लिहिता येते, हे मला फार आवडते.

आता पालक विचारतील, याचा उपयोग काय? मुंबईपासून समुद्रात सुमारे 160 किलोमीटरवर 1974 मध्ये 'सागर सम्राट'ने बॉम्बे हायचे तेल शोधले. अशा विहिरी खणताना वर येतो तो खडकाचा चुरा. त्यात मोठा शंख असला तरी त्याचा भुगा होतो, पण 50 मायक्रॉनचे घर चुऱ्याच्या एका कणातही साबूत राहते. कोणती सिस्ट कोणत्या काळातली हे माहीत असले की थराचे वय कळते. तिच्या भिंतीचा रंगही बोलतो. थर जितका तापला तितकी ती फिकट पिवळ्यापासून तपकिरी आणि शेवटी काळी होते, त्यावरून तेल तयार होण्याइतकी उष्णता मिळाली का याचा अंदाज बांधतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत तर आजच्या बंदरांच्या गाळातल्या सिस्टचा अभ्यास होतो, कारण काही जाती विषारी असतात आणि जहाजांच्या टाक्यांमधल्या पाण्याबरोबर झोपलेल्या अवस्थेत देशोदेशी जाऊ शकतात.

आपल्या कळंबच्या विहिरीच्या दगडात त्या सापडतील का? नाही, आणि मुलांना तसे स्पष्ट सांगावे. आपला काळा दगड म्हणजे सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा. सिस्टला समुद्राचा शांत गाळ लागतो. पण हा लाव्हा वाहत होता त्याच काळात डायनासोर संपले, आणि दूर समुद्रात हे गोळे मात्र फारसे नुकसान न होता पुढच्या काळात गेले, असे खडक सांगतात.

एक सूचना कळकळीने. सिस्ट दगडातून मोकळ्या करायला हायड्रोफ्लुओरिक ॲसिड वापरतात. ते कातडीतून आत शिरून जीव घेऊ शकते. कुठे व्हिडिओ पाहिला म्हणून शाळेत असले काही करायला जाऊ नका.

त्यापेक्षा मोसंबी घ्या. पेनाने करदोटा, उभी खाच आणि पाट्या काढा, पाट्यांना क्रमांक द्या. मग प्रत्येक गटाने एकाच पाटीची साल कापून काढायची आणि मोसंबी दुसऱ्या गटाला द्यायची. कापलेली साल दाखवायची नाही. शेजारच्या पाट्यांचे क्रमांक वाचून हरवलेली पाटी कोणती ते त्यांनी सांगायचे. पहिल्या फेरीत क्रमांक ठेवा, दुसऱ्या फेरीत नुसत्या रेषा. तिसऱ्या फेरीत रेषाही नकोत. पाट्यांच्या कोपऱ्यांवर फक्त लवंगा टोचा आणि बघा कोण ओळखते ते.