संगणकावरील मोफत सोयी

कोयलीत रिफायनरीच्या निमित्ताने स्थायिक झालेल्या मराठी घरांतून आता संगणक दिसतो. काही दुकानदार त्यात विनापरवाना प्रोग्रॅम भरून देतात व वर पैसेही घेतात. त्यांबरोबर व्हायरस येण्याची भीती असते. म्हणून आम्ही वाचकांना तीन मोफत सोयी सुचवितो.

पत्रे लिहिण्यास व खत-बियाण्यांचा हिशेब ठेवण्यास लिब्रेऑफिस पुरेसे आहे. ते २०१० पासून विनामूल्य मिळते, आणि मराठीतूनही वापरता येते. ज्यांची इकडे जमीन आहे, त्यांना गुजरात सरकारच्या 'एनीआरओआर' संकेतस्थळावर सातबारा फुकट पाहता येतो. कचेरीत देण्यासाठी मात्र प्रमाणित उतारा घ्यावा. केंद्र सरकारच्या 'ई-संजीवनी'वर घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला मोफत मिळतो. परंतु छातीत कळ आली किंवा सर्पदंश झाला, तर संगणकापुढे वेळ न दवडता १०८ क्रमांकास फोन करावा.

बियाणे आपण खात्रीच्या ठिकाणाहूनच घेतो. प्रोग्रॅमही तो तयार करणाऱ्यांच्याच संकेतस्थळावरून घ्यावा. आणि मोफत सोयीच्या नावाखाली कोणी फोनवर ओटीपी किंवा बँकेचा पिन विचारला, तर तो मुळीच सांगू नये.