सोळा जुने की आठ नवे?

एसएमपीएसवरचा लेख आणखी एक आठवडा थांबेल. सांगलीच्या एका इंटिरिअर डिझायनर वाचकांचा प्रश्न आला आहे आणि तो या लेखमालेच्या मुळालाच हात घालतो, म्हणून आजची सगळी जागा त्याला. ते एकट्याने काम करतात. दिवसभर स्केचअप, रात्री व्ही-रे. लॅमिंग्टन रोडवर त्यांना वापरलेलं एचपी झेड६२० वर्कस्टेशन मिळतंय: दोन झिऑन ई५-२६७० प्रोसेसर आणि ६४ जीबी रॅम. मी सुचवलेल्या रायझेन ७ ५७००एक्सची पूर्ण जोडणी त्याहून बरीच महाग पडते. ‘सोळा कोर सोडून, वर जास्त पैसे मोजून आठ कोर का घ्यायचे?’ असं ते विचारतात.

आधी झिऑनची बाजू मांडतो, कारण हा प्रोसेसर मला मनापासून आवडतो. मार्च २०१२ मध्ये तो आला तेव्हा एकाची किंमत दीड हजार डॉलरच्या घरात होती. आठ कोर, सोळा थ्रेड, रॅमसाठी चार चॅनेल. डेटा सेंटरवाल्यांनी तो भरभरून घेतला आणि काही वर्षांत त्याहून कमी विजेत जास्त काम करणारे सर्व्हर आले तसा काढूनही टाकला. २०१५-१६ च्या सुमारास अमेरिकेच्या जुन्या बाजारात त्याचा पूर आला आणि भाव शंभर डॉलरच्या खाली उतरला. त्याची रॅमही स्वस्त मिळते, त्याचं कारण साधं आहे: रजिस्टर्ड ईसीसी डीडीआर३ पट्ट्या घरगुती मदरबोर्डवर चालत नाहीत, त्यामुळे त्यांना गिऱ्हाईक थोडं. तुटपुंज्या पैशात रेंडरिंग शिकणाऱ्या कितीतरी जणांना या प्रोसेसरने हात दिला आहे.

आणि रेंडरिंग हे काम त्याच्यासाठीच घडवल्यासारखं आहे. चित्राचे लहान लहान चौकोन पाडायचे, प्रत्येक कोरने एक घ्यायचा, संपला की पुढचा. एका चौकोनाला दुसऱ्याची वाट बघावी लागत नाही.

मग अडतं कुठे? चौकोन सुरू होण्याआधी. सीन वाचायचा, टेक्श्चर उघडायची, भूमितीची रचना लावायची, यातला बराच भाग एकाच कोरवर चालतो. पोळ्या लाटायला सोळा जणी बसल्या तरी कणीक मळून होईपर्यंत सगळ्याच थांबतात, तसं. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली अटलांटिक सिटीच्या परिषदेत हेच सांगितलं होतं. आयबीएमच्या सिस्टीम/३६० च्या रचनाकारांपैकी ते एक. त्यांच्या त्या छोट्या निबंधात सूत्र नाहीच. आज ‘अ‍ॅमडालचा नियम’ म्हणून शिकवतात ते सूत्र नंतरच्यांनी मांडलं.

हिशेब करून पाहू. नव्या प्रोसेसरच्या एका कोरला एक रेंडर करायला ६० मिनिटं लागतात असं धरा. त्यातली ३ मिनिटं वाटून न घेता येणारी, ५७ वाटून घेता येणारी. आठ कोर लावले तर ३ अधिक ७.१, म्हणजे सुमारे १० मिनिटं. आता सोळा कोर घ्या, पण प्रत्येक निम्म्या वेगाचा. वाटून घेतलेलं काम तेवढ्याच ७.१ मिनिटांत होतं, पण सुरुवातीची ३ मिनिटं ६ होतात. एकूण १३. दोन्हीकडची एकूण ताकद सारखी, तरी आठ कोरवाला पुढे. निम्मा वेग मी उगाच धरलेला नाही, ई५-२६७० आणि ५७००एक्स यांच्या एकेका कोरमध्ये अंतर साधारण तेवढंच आहे.

रात्रभर चालणाऱ्या एका मोठ्या रेंडरमध्ये ही तीन मिनिटं कुणाला जाणवणार नाहीत. खरा प्रश्न दिवसाचा आहे. स्केचअपमध्ये मॉडेल फिरवताना, भिंतीला खिडकी पाडताना जवळजवळ सगळा भार एका कोरवर असतो. ऑटोकॅडचंही बहुतांशी तेच. या दोन झिऑनवर मॉडेल अडखळायला लागलं की टास्क मॅनेजर उघडा: सीपीयूचा आकडा तीन-चार टक्के दिसेल आणि वाटेल की यंत्र तर रिकामंच बसलंय. बत्तीस थ्रेडपैकी एक पूर्ण भरला की आकडा तीन टक्क्यांच्या आसपासच येतो. बाकीचे एकतीस त्या कामाला हात लावू शकत नाहीत. वाचकांचे दिवसाचे सहा-सात तास याच अवस्थेत जाणार आहेत, आणि क्लायंट शेजारी बसलेला असताना तर एकेक सेकंद जाणवतो.

विजेचं बोलायचं तर दोन झिऑनचं रेटिंग ११५-११५ वॉटचं, ५७००एक्सचं ६५. प्रत्यक्ष वापर थोडा इकडेतिकडे होतो, पण रात्रीच्या आठ तासांच्या रेंडरमागे फरक सव्वा युनिटच्या आसपास येतो. बिलात तो फार बोचत नाही. मे महिन्यात लहान खोलीत तीच उष्णता बाहेर कशी काढायची, हा प्रश्न मला मोठा वाटतो.

तरीही झेड६२० घ्यायचंच असेल तर काही गोष्टी दुकानातच उभं राहून तपासा. यातला दुसरा प्रोसेसर मुख्य बोर्डावर नसतो, वेगळ्या रायझर कार्डावर बसतो. ते कार्ड नसेल तर तुम्हाला आठच कोर मिळाले. रॅमच्या पट्ट्या मोजा: प्रत्येक प्रोसेसरला चार, म्हणजे एकूण आठ हव्यात. १६ जीबीच्या चारच पट्ट्या लावून ६४ जीबी केली असेल तर निम्मे चॅनेल रिकामे. बायॉसमध्ये बूट ब्लॉकची तारीख पाहा. ती २०११ ची असेल तर पुढे दहा किंवा बारा कोरचे ‘व्ही२’ झिऑन त्यावर चालणार नाहीत. २०१३ ची हवी. विंडोज होम आवृत्ती एकच सॉकेट ओळखते, तेव्हा प्रो लागेल. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत हे प्रोसेसर नाहीत, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लिनक्सवर ब्लेंडर चालवणाऱ्याला याची फिकीर नाही, स्केचअपवाल्याला आहे.

माझं उत्तर स्पष्ट आहे. एकच यंत्र घेणार असाल तर ५७००एक्स, मग त्यासाठी दोन महिने थांबावं लागलं तरी चालेल. रेंडरिंगमध्ये तो एकटा या दोन झिऑनच्या बरोबरीने चालतो आणि दिवसा हाताखाली हलका वाटतो. झेड६२० दुसरं यंत्र म्हणून घ्या. तुम्ही रायझेनवर पुढच्या घराचा आराखडा काढत असताना ते कोपऱ्यात मागच्या घराचे व्ह्यू रेंडर करत राहील. व्ही-रेला दुसऱ्या यंत्रावर रेंडर करायला वेगळं लायसन्स लागतं, तो खर्च आधीच धरा.

आणि त्याच्या एसएमपीएसची नीट चौकशी करा. त्याचा आकार आणि जोडणी एचपीची स्वतःची आहे. तो जळला तर बाजारातला साधा एसएमपीएस त्यात बसत नाही. हे असं का, इथूनच पुढच्या आठवड्यात सुरुवात करतो.