परातीतले आरमार

आमच्या परभणी जिल्ह्याला समुद्र नाही. पाणी म्हणावे तर गोदावरीचे, नाहीतर पूर्णा-दुधनेचे. तरीसुद्धा गेल्या दिवाळीत गंगाखेडच्या आमच्या अंगणात आरमारी युद्ध झाले, त्याची ही हकीकत.

पुण्याहून ताई आली होती, बरोबर आमचे भाचेबुवा. त्यांनी काळ्या मातीचा विजयदुर्ग रचला, पायथ्याशी पितळी परात ठेवून खाडी केली, आणि मला विचारले,

"मामा, १७५५ साली सुवर्णदुर्गाजवळ इंग्रजांना पाहून तुळाजी आंग्र्यांची जहाजे पळाली म्हणतात. आपली माणसे भित्री होती का?"

हसून टाळावा असा हा प्रश्न नव्हे. मी म्हटले, "आधी तुझ्या नावेवर तोफा चढव."

लाकडाच्या ढलपीवर त्याने मातीच्या सहा तोफा मांडल्या. नाव कलंडली. मग रुंद फळी घेतली. तोफा राहिल्या, पण फुंकर मारून ती हलेना. शेवटी ढलपीच्याच बुडाला लोखंडाची पट्टी ठोकली. नाव सावरली, पण खोल बसून काठच्या गाळात रुतली!

"जहाज बांधणाऱ्या साऱ्यांचे दुखणे हेच," मी म्हटले. "एक साधायला जावे तर दुसरे सुटते."

आंग्र्यांच्या गुराबेला दोन किंवा तीन डोलकाठ्या असत. वजन साधारण १५० ते ३०० टन. बूड उथळ, पुढचे टोक निमुळते, आणि तिथून थेट समोर मारा करणाऱ्या दोन जड तोफा. गलबत त्याहून लहान, ७० टनांच्या आतबाहेर, पण त्याला चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की गलबते गुराबांना ओढून नेत आणि जागीच अडकलेल्या शत्रूला पिछाडीने गाठत, कारण तिथे त्याच्या तोफा थोड्या. संकट आले तर खाडीत शिरावे. मोठे जहाज तिथे येऊ शकत नसे. कान्होजींनी याच बळावर कोकणचा किनारा राखला. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले, तेही हात हलवत परतले.

पण वारा भरलेल्या उघड्या समुद्रात हिशेब उलटे. कमोडोर जेम्सच्या 'प्रोटेक्टर'वर ४४ तोफा होत्या आणि त्यांतल्या बहुतेक दोन्ही कुशींना. त्यांचे ओझे पेलायला खोल, भक्कम बूड लागते. तसे बूड गुराबेला दिले, तर ती खाडीला मुकली!

म्हणून त्या दिवशी तुळाजींचे खलाशी निसटले. इंग्रज इतिहासकार ऑर्म लिहितो, की त्यांनी अडगळ समुद्रात फेकली आणि वाऱ्याची झुळूक धरायला अंगावरची वस्त्रे, गोधड्या, पागोटीसुद्धा शिडांसारखी टांगली. जेम्सला अखेर पाठलाग सोडावा लागला. पागोटे उतरवून जहाज वाचवणारा माणूस भित्रा कसा?

घात झाला तो पुढच्या वर्षी. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसनचे आरमार विजयदुर्गावर आले, आणि आपले पेशवेच इंग्रजांच्या बाजूला होते. तुळाजींची जहाजे किल्ल्याजवळ दाटीने नांगरलेली. एक पेटता गोळा 'रेस्टोरेशन' या जहाजावर पडला. हे जहाज आंग्र्यांनी इंग्रजांकडूनच जिंकलेले! त्याची आग पसरत गेली आणि सारे आरमार जळाले.

आपल्याकडे लाकूड किंवा कसब नव्हते असेही नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानातून बांधलेले, १८१७ साली पाण्यात सोडलेले 'त्रिंकोमाली' हे इंग्रजांचे लढाऊ जहाज इंग्लंडात हार्टलपूलला आजही तरंगते आहे. उणीव होती ती खोल समुद्रासाठी वेगळे जहाज वेळेवर बांधण्याची, आणि घरात एकी राखण्याची.

भाचेबुवा बराच वेळ गप्प होते. रात्री फुलबाज्या लावण्यापूर्वी ते हळूच परातीपाशी गेले आणि एकमेकींना चिकटलेल्या नावा त्यांनी दूर दूर करून ठेवल्या.