लेन्स विकण्याआधी हे करून बघा

परवा मी माझी ५० एमएमची लेन्स विकायला काढली होती. ताईच्या हळदीचे फोटो घरी येऊन मोठे करून बघितले, तर डोळे धूसर आणि कान एकदम शार्प! ते क्षण काही परत येणार नाहीत. पण चूक नेमकी कुणाची?

तुमच्याकडे डीएसएलआर असेल, तर कॅमेरा ट्रायपॉडवर लावा. समोर अक्षरं छापलेला खोका सरळ उभा करा, शेजारी पट्टी तिरकी ठेवा. भरपूर उजेड, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, मधला एकच फोकस पॉइंट, टायमर चालू. पाच फोटो व्ह्यूफाइंडरमधून, पाच लाइव्ह व्ह्यूमधून. दर फोटोआधी फोकस मुद्दाम बिघडवायचा.

कशासाठी? व्ह्यूफाइंडरमध्ये फोकस वेगळा सेन्सर मोजतो, लाइव्ह व्ह्यूमध्ये फोटो काढणारा सेन्सरच.

लाइव्ह व्ह्यू शार्प, पण व्ह्यूफाइंडरचा फोकस दर वेळी एकाच बाजूला सरकतोय? मग जुळणी बिघडलीय. काही कॅमेऱ्यांत ती मेन्यूतूनच सुधारता येते, नाहीतर सर्व्हिस सेंटर. कधी पुढे, कधी मागे? मग एका फोटोवरून निष्कर्ष काढू नका, उजेड वाढवून परत बघा. दोन्हीकडे धूसर? मग लेन्सवर संशय घ्या.

माझे दहाही फोटो शार्प आले! म्हणजे चूक माझीच. मी मधल्या पॉइंटने डोळ्यांवर फोकस धरून, मग कॅमेरा वळवून फ्रेम जुळवत होतो. कॅमेरा वळला की फोकस चेहऱ्याच्या मागे जातो. एफ १.८ वर तेवढंही पुरतं.

आता मी पॉइंटच डोळ्यावर सरकवतो. लेन्स अर्थातच घरीच आहे.