पाचवीची परीक्षा, तिसरीचा निर्णय

जवाहर नवोदय विद्यालयाच्या प्रवेशाविषयी आपल्या समाजातील पालक अलीकडे बरीच विचारणा करू लागले आहेत, ही समाधानाची बाब आहे. मात्र ही विचारणा बहुधा मुलगा पाचवीत गेल्यावर होते, आणि तोपर्यंत अनेकदा निम्मी संधी हातातून निसटलेली असते. डहाणू-तलासरी भागातील व्यापारी कुटुंबांच्या बाबतीत हे विशेषत्वाने खरे आहे. त्याचे कारण अभ्यासात नसून शाळेच्या पत्त्यात आहे.

डहाणू तालुक्यातील गंजाड हे गाव उदाहरणादाखल घेऊ. पद्मश्री जिव्या सोमा म्हसे यांचे गाव म्हणून ते वारली चित्रकलेच्या रसिकांना ठाऊक आहे. अशा गावात किराणा, कापड, भुसार किंवा हार्डवेअरचे दुकान चालवणारी आपली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या वसलेली असतात. दुकान गावात, घर दुकानाच्या मागे किंवा वरच्या मजल्यावर, आणि मुलांची शाळा मात्र डहाणूला, असा क्रम आता रूढ झाला आहे. सकाळी शाळेची बस येते, मूल इंग्रजी माध्यमात शिकते, आणि आईवडिलांना आपले कर्तव्य पार पडल्याचे समाधान मिळते. यात गैर काहीच नाही. परंतु याच मुलासाठी पुढे नवोदयचा अर्ज करायचा झाल्यास, गंजाडात जन्मलेले आणि वाढलेले ते मूल कागदोपत्री ‘शहरी’ ठरू शकते.

नियम असा आहे. प्रत्येक जिल्ह्यातील नवोदय विद्यालयात सहावीच्या वर्गासाठी जास्तीत जास्त ८० जागा असतात. त्यांपैकी किमान ७५ टक्के, म्हणजे ६० जागा, ग्रामीण उमेदवारांसाठी आहेत. ग्रामीण कोण, हे राहत्या घरावरून ठरत नाही. तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे ज्याने ग्रामीण भागातील मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण केली, तोच ग्रामीण. या तीन वर्षांत एक दिवसही शहरी भागातील शाळेत नाव असले, तर उमेदवार शहरी धरला जातो. डहाणू ही नगरपरिषद आहे, आणि तलासरीलाही आता नगरपंचायत आहे. म्हणून या हद्दींतील शाळेच्या पटावर नाव असलेले मूल ६० जागांच्या ग्रामीण वाट्याबाहेर पडते आणि उरलेल्या जागांसाठी शहरी तसेच ग्रामीण, दोन्ही उमेदवारांशी स्पर्धा करते.

येथे एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. नियमात माध्यमाचा उल्लेख नाही, हद्दीचा आहे. इंग्रजी माध्यमाची शाळा ग्रामपंचायतीच्या हद्दीत असेल, तर तेथील मूल ग्रामीणच मानले जाईल. जी शाळा आपण ‘डहाणूची’ म्हणतो, ती प्रत्यक्षात नगरपरिषदेच्या हद्दीत आहे की शेजारच्या ग्रामपंचायतीच्या, हे तिसरीच्या प्रवेशापूर्वी मुख्याध्यापकांना विचारून घ्यावे. त्या एका प्रश्नाला पाच मिनिटे लागतात.

तलासरीकडील कुटुंबांसाठी आणखी एक अडचण आहे. गुजरातची सीमा इतकी जवळ की अनेक मुले उंबरगाव किंवा वापीकडील शाळांत जातात. नवोदयच्या नियमानुसार उमेदवार ज्या जिल्ह्याचा रहिवासी आहे, त्याच जिल्ह्यात तो पाचवीत शिकत असला पाहिजे. घर पालघर जिल्ह्यात आणि पाचवी वलसाड जिल्ह्यात, अशा मुलाला पालघरसाठी अर्ज करता येत नाही, आणि तेथे रहिवास नसल्याने वलसाडसाठीही नाही. मुलाला पाचवीपुरते सुरतेला मामाकडे किंवा राजस्थानात आजोळी ठेवणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

आता या विद्यालयांविषयी थोडेसे. १९८५-८६ मध्ये देशात प्रायोगिक तत्त्वावर दोन नवोदय विद्यालये सुरू झाली. एक हरियाणातील झज्जर येथे, दुसरे आपल्या अमरावतीला. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने या कल्पनेला व्यापक रूप दिले. ग्रामीण भागातील गुणी मुलांना, घरची परिस्थिती कशीही असो, उत्तम निवासी शिक्षण मिळावे हा हेतू. पालघर जिल्ह्याचे विद्यालय पालघरजवळ माहीम येथे आहे. डहाणू रोडहून गाडीत बसले की वाणगाव, बोईसर, उमरोळी आणि मग पालघर. वसतिगृहाच्या नावाने घाबरणाऱ्या आयांना मी नेहमी ही चार नावे सांगतो.

निवास, भोजन, गणवेश, पाठ्यपुस्तके आणि शिक्षण, सारे विनामूल्य आहे. सहावी ते आठवीपर्यंत काहीच भरावे लागत नाही. नववी ते बारावीत विद्यालय विकास निधी म्हणून दरमहा ६०० रुपये घेतले जातात. मुली, अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील मुले यांना तेही माफ आहेत. शासकीय कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी ही रक्कम १,५०० रुपये आहे. आयुष्य बँकेत गेल्यामुळे आकडा पूर्ण मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. व्यापारी कुटुंबातील मुलाचा सात वर्षांचा एकूण आकार चार वर्षांच्या ४८ महिन्यांचे २८,८०० रुपये. शहरातील शाळेच्या बसचा वर्षाचा खर्च ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी तुलना आपली आपण करावी.

तथापि, फुकट मिळते म्हणून मुलाला पाठवू नये. ज्या कुटुंबाला ही रक्कम जाणवणारही नाही, त्यानेही तेथील शिक्षकवर्ग, खेळ आणि शिस्त यांचा विचार करावा. विद्यालये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाशी संलग्न आहेत. सुरुवातीची वर्षे प्रादेशिक भाषेतून, पुढे गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि सामाजिक शास्त्रे हिंदीतून, अशी रचना आहे. नववीत सुमारे ३० टक्के विद्यार्थी एका वर्षासाठी हिंदी भाषक प्रदेशातील विद्यालयात जातात आणि तिकडचे इकडे येतात. पालकांना ही अदलाबदल भीतिदायक वाटते. मला मात्र व्यापाऱ्याच्या मुलासाठी याहून उत्तम शिक्षण सुचत नाही. आपले पूर्वज परमुलखात गेले तेव्हा त्यांच्यासाठी तेथे वसतिगृह नव्हते.

परीक्षेचे स्वरूप सोपे आहे, प्रश्न तितके सोपे नाहीत. दोन तासांत ८० प्रश्न, १०० गुण. म्हणजे प्रत्येक प्रश्नाला सव्वा गुण. त्यांत बौद्धिक क्षमतेचे ४० प्रश्न, अंकगणिताचे २० आणि भाषेचे २०. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. बौद्धिक क्षमतेच्या विभागात सगळा खेळ आकृत्यांचा असतो. वेगळी आकृती ओळखणे, आरशातील प्रतिमा, घडी घालून कापलेल्या कागदाची रचना असे हे प्रश्न. यात मराठी माध्यम, इंग्रजी माध्यम असा भेद उरत नाही, आणि निम्मे गुण याच विभागाचे आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेतील मूल मागे पडेल, ही समजूत म्हणूनच निराधार आहे. अंकगणितात अपूर्णांक, लसावि-मसावि, मापन असे घटक असतात. गल्ल्याशेजारी बसून सुटे पैसे मोजणाऱ्या मुलाला त्यांचे भय वाटण्याचे कारण नाही. भाषेच्या विभागात चार उतारे आणि प्रत्येकावर पाच प्रश्न. त्यासाठी रोज अर्धा तास काही तरी वाचणे, हा एकच उपाय मला माहीत आहे. महागड्या शिकवणी वर्गांपेक्षा मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवणे अधिक उपयोगी पडते. गोल रंगवायची उत्तरपत्रिका दहा वर्षांच्या मुलाने पूर्वी पाहिलेली नसते. तिचा सराव मात्र आवर्जून करून घ्यावा.

जागांचे गणितही उघड्या डोळ्यांनी पाहावे. अनुसूचित जाती आणि जमातींचे आरक्षण जिल्ह्यातील लोकसंख्येच्या प्रमाणात असते आणि दोन्ही मिळून ५० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. इतर मागास वर्गासाठी केंद्रीय यादीनुसार २७ टक्के. पालघरसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यात ही कमाल मर्यादा गृहीत धरली, तर ८० पैकी ४० आणि साधारण २२ जागा वजा जाता खुल्या जागा १८ च्या आसपास उरतात. किमान एक तृतीयांश जागा मुलींच्या आहेत. जैन समाजाला २०१४ मध्ये राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक दर्जा मिळाला असला, तरी नवोदयमध्ये अल्पसंख्याकांसाठी स्वतंत्र वाटा नाही. ते प्रमाणपत्र येथे काढून आणण्याची यातायात कोणी करू नये. थोडक्यात, आपल्या मुलाला गुणवत्तेवरच प्रवेश मिळवावा लागेल, आणि ग्रामीण दर्जा त्याच्या हातून निसटू न देणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

परीक्षा एकदाच देता येते. सहावीसाठी दुसरी संधी नाही. वयाचीही अट आहे. २०२६-२७ च्या प्रवेशासाठी जन्म १ मे २०१४ ते ३१ जुलै २०१६ या दरम्यानचा हवा होता. त्यानंतरच्या वर्षांसाठी त्या त्या वर्षीचे माहितीपत्रक पाहावे. अर्ज ऑनलाइन आणि विनाशुल्क असतो. मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र, मुलाचे छायाचित्र, मुलाची आणि पालकाची सही अपलोड करावी लागते. बँकेत खाते उघडताना जे घडते तेच येथे घडते. शाळेच्या रजिस्टरमध्ये ‘शहा’, आधारकार्डावर ‘शाह’, वडिलांचे नाव एका ठिकाणी पूर्ण तर दुसरीकडे आद्याक्षराने. जन्मतारखेतही दोन-चार दिवसांचा फरक आढळतो. या दुरुस्त्या अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात होत नाहीत. मूल तिसरीत असतानाच दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचावेत.

आता सर्वांत नाजूक प्रश्न. शेकडो मुलांच्या भोजनालयात एकच स्वयंपाक होतो. त्यात कांदा, लसूण, बटाटा असणार, आणि संध्याकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी मिळेलच असे नाही. काही कुटुंबे विद्यार्थिदशेत सवलत घेतात, काहींना ती मान्य नसते. दोन्ही भूमिका मी आदराने पाहतो. चूक असेल तर ती हा विचार निकालानंतर करण्यात आहे. मुलाने वर्षभर मेहनत करावी, निवड यादीत त्याचे नाव यावे आणि मग आजीच्या एका शब्दाने प्रवेश नाकारला जावा, हे त्या मुलावर अन्याय करणारे आहे. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी पालकांनी एकदा विद्यालयात जावे, प्राचार्यांना भेटून भोजनाच्या वेळा आणि पदार्थ विचारावेत, आणि घरातील वडीलधाऱ्यांसमोर सारे स्पष्ट मांडावे. ज्यांचा नियम तसूभरही वाकणार नाही, त्यांनी मुलाला या परीक्षेला न बसवणे हाच प्रामाणिक निर्णय होय.

मुलींच्या बाबतीत आपल्याकडे आहाराचे कारण जरा जास्तच पुढे केले जाते, असे माझे निरीक्षण आहे. भाऊ वसतिगृहात चालतो, बहीण नाही. ज्या योजनेत मुलींसाठी किमान २६-२७ जागा राखून ठेवल्या आहेत आणि एक पैसाही शुल्क नाही, तेथे आपल्या घरातून मुलीचा अर्जच जात नसेल, तर दोष योजनेचा नव्हे.

गंजाडमधील जिल्हा परिषदेच्या शाळेत मूल पाचवीपर्यंत ठेवावे की नाही, हा प्रश्न शेवटी उरतोच. बाकावर शेजारी वारली समाजातील मूल बसेल, ही गोष्ट काही पालक दबक्या आवाजात अडचण म्हणून सांगतात. याच डहाणू तालुक्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवल्या, गुरे राखणाऱ्या मुलांपाशी शाळा नेली. त्या तालुक्यात राहून अशी अडचण सांगणे शोभत नाही. व्यापारी आणि सावकार या शब्दांना येथे एक जुना काटाही आहे. १९४५ च्या वारली उठावाची मुळे जमीनदार-सावकारांच्या वेठबिगारीत होती, हे आपण विसरू नये.

त्या बाकावरील शेजाऱ्याचाही विचार व्हावा. त्याला नवोदयबरोबर एकलव्य आदर्श निवासी शाळांचा मार्गही खुला असतो. तेथेही सहावीसाठी प्रवेश परीक्षा असते. अनेकदा घरात स्मार्टफोन नसतो, माहितीपत्रक पोहोचत नाही आणि तारीख निघून जाते. दुकानात नेट आहे, संगणक आहे, आणि मुलाचे वडील मीठ-मिरची न्यायला आठवड्यातून दोनदा येतात. आपल्या मुलाचा अर्ज भरायला बसाल, त्याच बैठकीत त्याचाही भरता येईल. दुकानदाराचा लागतो तो अर्धा तास, आणि त्या मुलाचे आधारकार्ड व मुख्याध्यापकांच्या सहीचा एक कागद.